'करजो' कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझ्या आजीचा व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक व्हॉइस मेसेज एकाच वाक्यावर संपतो : "पोचली का फोन करजो वं माय." मी किती लांब चालले आहे याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नसतो. पुणे ते अमरावती असा रात्रभराचा प्रवास असो की खोलीपासून ऑफिसपर्यंतचे दोन किलोमीटर, नांदगाव पेठच्या ओसरीवर बसलेल्या आजीला मी पोचल्याचं कळायला हवं असतं.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. बघायला लावलं ते स्पॅनिशने.

झालं असं की आमच्या टीमला मेक्सिकोतल्या लोकांबरोबर काम मिळालं, आणि मी हौसेने फोनवर स्पॅनिश शिकायला घेतलं. स्पॅनिश शिकणारा प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात एका तक्त्यापाशी येऊन थांबतो. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचं 'आर' काढा आणि प्रत्यय लावत चला : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. वर्तमानकाळ झाला. मग भूतकाळ, तेही दोन : एकदा घडून संपलेल्या गोष्टीचा वेगळा आणि नेहमी घडत असलेल्या गोष्टीचा वेगळा. मग भविष्यकाळ, मग 'झालं असतं तर'वाला. आणि हे सगळं संपलं असं वाटतं तेव्हा कळतं की हा तक्त्याचा फक्त पहिला मजला होता. वर आणखी एक मजला आहे, जो अजून न घडलेल्या, हव्याशा, शंकेच्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला आहे.

इंजिनिअरला असा तक्ता आवडतोच. धातू द्या, प्रत्यय जोडा, रूप मिळालं. 'आर'वाली क्रियापदं एका साच्यात, 'एर'वाली दुसऱ्या, 'इर'वाली तिसऱ्या. मला त्यात आणखी एक गोष्ट आवडली. 'आब्लो' म्हणताना मी बाई आहे की पुरुष, हे सांगावं लागत नाही. मराठीत 'मी बोलते' म्हटलं की सांगून झालं.

तर एका शनिवारी मी ठरवलं की मराठीसाठी असा तक्ता तयार करणारा छोटा प्रोग्राम लिहायचा. 'आब्लार'च्या जोडीला 'बोलणे' घेतलं. आणि व्याकरणाची पुस्तकं उघडली, शाळेनंतर पहिल्यांदाच.

*

मराठी क्रियापदाचा तक्ता मांडण्याचा इतिहास मजेदार आहे. आपल्याकडच्या भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ज्याचं नाव घेतात ते आहे कोकणीचं, लिहिलेलं पोर्तुगीजमध्ये, एका इंग्रज पाद्र्याने. हे 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. विल्यम कॅरेचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालात श्रीरामपूरला निघालं, इंग्रजीत. मग १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं आणि मराठी माणसाला आपल्या भाषेचं व्याकरण आपल्या भाषेत वाचायला मिळालं. दादोबांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात, पण त्यांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. म्हणजे काळ आणि अर्थ यांच्या रकान्यांची ही चौकट बऱ्याच अंशी बाहेरून आलेली आहे. मूळ माप लॅटिनच्या अंगाचं, आपण ते आपल्या अंगावर चढवलं.

त्यामुळे ते कुठे कुठे उसवतं. स्पॅनिशमध्ये क्रियापद कायम कर्त्याच्या मागे चालतं. मराठीत 'आजीने गोष्ट सांगितली' आणि 'आजीने किस्सा सांगितला'. आजी तीच, क्रियापद मात्र गोष्टीच्या मागे गेलं, मग किश्शाच्या. 'मी, तू, तो' अशा सहा ओळींच्या तक्त्यात हे बसतच नाही. माझ्या प्रोग्राममध्ये इथे पहिला मोठा 'इफ' आला.

हा पेच ज्यांनी गांभीर्याने घेतला त्यांत मोरो केशव दामले हे मोठं नाव. कवी केशवसुतांचे हे धाकटे भाऊ. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. जाडजूड, वाद घालणारं, आधीच्या प्रत्येक व्याकरणकाराला हटकणारं पुस्तक. आजही एमपीएससीची तयारी करणारी मुलं जी आख्यातांची यादी पाठ करतात ती दामल्यांच्या वाटेवरची आहे. या यादीत रूपांना नावं दिली आहेत ती प्रत्ययावरून, अर्थावरून नव्हे. 'बोलतो' हे प्रथम ताख्यात, कारण त्यात 'त' आहे. 'तो बोलता तर' हे द्वितीय ताख्यात. 'बोलला' लाख्यात, 'बोलावे' वाख्यात, 'बोले' ई-आख्यात, 'बोलू' ऊ-आख्यात, 'बोलेल' ई-लाख्यात आणि 'बोलायचा' चाख्यात. एकूण आठ.

पाठ करताना ही नावं तापदायक वाटतात. पण डिझाइन म्हणून बघितलं तर हा फार शहाणपणाचा निर्णय आहे. 'त'च्या रूपाला वर्तमानकाळ म्हणून मोकळं झालं तर दारातून निघताना आपण 'येतो' म्हणतो त्याचं काय करायचं? तेव्हा आपण येत नसतो, जात असतो. 'ल'च्या रूपाला भूतकाळ म्हटलं तर जिन्यावरून ओरडलेल्या 'आलेच!'चं काय? ती मुलगी अजून आरशासमोर असते. रूप एक, कामं अनेक. म्हणून आधी रूपाला नाव द्या, मग ते कोणकोणती कामं करतं ते वेगळं लिहा. आम्ही कोड लिहिताना हेच शिकतो, आणि शिकूनही करत नाही.

अर्थांची यादी त्यापेक्षा छोटी आहे. स्वार्थ म्हणजे साधं विधान. आज्ञार्थ म्हणजे हुकूम किंवा विनंती. विध्यर्थ म्हणजे करावं, असावं, व्हावं. संकेतार्थ म्हणजे असं झालं असतं तर तसं झालं असतं. स्पॅनिशच्या वरच्या मजल्याचं बरंच सामान आपल्या विध्यर्थात सापडतं. 'तू बोलावंस असं मला वाटतं' यातलं 'बोलावंस' स्पॅनिशमध्ये सांगायचं तर वरच्या मजल्यावरचं 'आब्लेस' लागतं. 'पाऊस पडो' म्हणायला त्यांच्याकडे 'ओहाला' नावाचा एक शब्द आहे, अरबीतून आलेला, देवाची इच्छा असेल तर अशा अर्थाचा. त्याच्यामागेही वरच्या मजल्यावरचं रूप येतं. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे बघणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला हे रूप वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

इथपर्यंत प्रोग्राम छान चालला होता.

*

मग तपासणी करायला खरी वाक्यं हवी होती. माझ्याकडे खऱ्या मराठी वाक्यांचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे आजीचे व्हॉइस मेसेज. त्यातले काही मी ऐकून टाइप केले. टाइप करतानाच फोनचा कीबोर्ड लाल रेघा ओढू लागला. प्रोग्रामने तर सरळ हात वर केले. 'पाणी येऊन राहिलं' या वाक्यात त्याला 'येऊन' सापडलं, 'राहिलं' सापडलं, आणि त्याने अर्थ लावला की पाणी आलं आणि मुक्कामाला थांबलं. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच की नळ आत्ता चालू आहे, बादली लावा. 'करजो'ला तर त्याने अर्थही लावला नाही. धातू 'कर', प्रत्यय अज्ञात.

त्याच आठवड्यात स्पॅनिशच्या धड्यात एक वाक्य आलं : 'क्वांदो येगेस, यामामे.' पोचलीस की फोन कर. मी ते दोनदा वाचलं. हे तर आजीचं वाक्य होतं, शब्दाला शब्द.

तीन भाषांतली ही तीन वाक्यं शेजारी ठेवून बघा. स्पॅनिशमध्ये 'येगेस' हे वरच्या मजल्यावरचं रूप आहे. ते सांगतं की पोचणं अजून घडलेलं नाही. 'यामामे' म्हणजे फोन कर, साधा आज्ञार्थ. पुस्तकी मराठीत 'पोचलीस की फोन कर' : पोचणं भूतकाळाच्या रूपात, फोन करणं साध्या आज्ञार्थात. हे सगळं पुढे घडायचं आहे हे सांगणारी खूण दोन्ही क्रियापदांवर नाही. 'की'वरून आपण ते समजून घेतो. आणि आजीच्या वाक्यात ती खूण आहे, फक्त स्पॅनिशच्या उलट बाजूला. 'पोचली का' हे लाख्यातच, पण फोन करण्याला 'जो' लागला. 'कर' म्हणजे आत्ता कर. 'करजो' म्हणजे आत्ता नको, पुढे वेळ येईल तेव्हा कर, आणि मी तेव्हा सांगायला तिथे नसेन म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

'जेव' आणि 'जेवजो' यांत हाच फरक आहे. ताट समोर असेल तर आजी 'जेव' म्हणते. डबा भरून देताना 'जेवजो' म्हणते. 'जेवजो' ऐकणारा माणूस नेहमी निघायच्या तयारीत असतो. एकाला सांगायचं तर 'येजो', अनेकांना किंवा मान देऊन सांगायचं तर 'येजा'. लग्नाची पत्रिका देऊन झाल्यावर पाहुणे उठतात तेव्हा हे 'येजा' ऐकू येतं.

पुस्तकी मराठीला हे सांगताच येत नाही असं नाही. 'फोन करशील' असं भविष्यकाळाचं रूप त्या कामाला लावता येतं. पण ते उसनवारीचं काम आहे. वऱ्हाडीत त्यासाठी स्वतंत्र प्रत्यय आहे, आणि तो कमालीचा नियमित आहे. करजो, येजो, जाजो, देजो, बोलजो, सांगजो, ठेवजो. मी पन्नासेक धातू लावून आजीला फोनवर विचारलं, एकही अडला नाही. प्रमाण मराठीत 'करणे'चं भूतकाळात 'केलं' होतं, 'जाणे'चं 'गेलं' होतं, 'करील' बरोबर की 'करेल' यावर माणसं आजही भांडतात. 'जो'ला असली कुठलीही भानगड नाही. स्पॅनिशच्या पुस्तकात ज्याला नियमित म्हणतात ते हेच.

मग या नियमित रूपाला तक्त्यात रकाना का नाही?

*

सातवीत मी निबंधात लिहिलं होतं : आजी म्हणाली, "शाळेत नीट जाजो." 'जाजो'भोवती लाल गोल झाला आणि वर 'जा' असं लिहून आलं. मी काय लिहावं हा शाळेचा अधिकार मी मान्य करते. पण तो शब्द अवतरणचिन्हात होता. दुरुस्त झाली होती ती आजी.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर हॉस्टेलमध्ये माझ्या 'करून राहिली'वर हशा पिकला. वाईट कोणीच नव्हतं. 'पुन्हा एकदा म्हण ना' म्हणणारे मित्रच होते. सिनेमात आणि स्टँडअपमध्ये वऱ्हाडी ऐकली की हसायचं असतं हे त्यांना माहीत होतं, एवढंच. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत माझं 'करत आहे' झालं आणि 'जो' तर कुठे गेला मला कळलंही नाही. आता मी आजीशी फोनवर बोलते तेव्हा ती कधीकधी म्हणते, "तू आता पुस्तकावानी बोलते."

व्याकरणकारांच्या बाजूने काय म्हणता येईल तेही बघायला हवं. पहिला मुद्दा असा की प्रमाण भाषेचं व्याकरण सगळ्या बोली कशा सांभाळणार? आज वऱ्हाडी घेतली तर उद्या अहिराणी, मालवणी, झाडीबोली दारात उभ्या राहतील. मुद्दा खोटा नाही. पण याच तक्त्यात 'तो बोले', 'ती सांगे' ही रूपं आहेत, रीतिभूतकाळाची. आज घरात किंवा रस्त्यावर कोणी 'माझी आजी गोष्टी सांगे' असं बोलत नाही. ते फक्त लिहिलं जातं. बोलण्यातून उठून गेलेल्या रूपाला तक्त्यात जागा आहे आणि रोज ऐकू येणाऱ्या रूपाला नाही. म्हणजे प्रश्न जागेचा नाही, आमंत्रणाचा आहे.

स्पॅनिशचा तक्ताही याच दोषाचा धनी आहे. त्यात भविष्याचं एक रूप आहे, 'आब्लारे', जे कायद्याच्या भाषेबाहेर जवळपास कोणी वापरत नाही. तरी ते तक्त्यात ऐटीत बसलेलं आहे. पण त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट घडली. अर्जेंटिनात 'तू'साठी 'तू' म्हणत नाहीत, 'वोस' म्हणतात, आणि 'आब्लास'वरचा जोर पहिल्या अक्षरावरून शेवटच्या अक्षरावर नेतात. कित्येक पिढ्या तिथल्या शाळांनी हे गावंढळ म्हणून मोडून काढायचा प्रयत्न केला. लोक बोलत राहिले. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या अकादमीने 'वोस' मान्य केलं. आज माद्रिदच्या अकादमीच्या शब्दकोशात कुठल्याही क्रियापदाचा तक्ता उघडा, 'तू'च्या ओळीत 'वोस'ही आहे आणि रूपं दोन आहेत, शेजारी शेजारी. १७१३ मध्ये भाषेच्या शुद्धतेसाठी स्थापन झालेल्या संस्थेने हे केलं. त्यामुळे स्पॅनिश बिघडली नाही. ब्युनोस आयर्सच्या शाळकरी मुलीला मात्र आपल्या आजीचं क्रियापद छापलेलं बघायला मिळालं.

दुसरा मुद्दा आमच्याकडेही ऐकायला मिळतो. वऱ्हाडी म्हणजे हिंदीची भेसळ, त्यात कसलं आलंय व्याकरण. 'करून राहिला' हे हिंदीच्या 'कर रहा है'च्या सावलीत वाढलं, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. हिंदी आमच्या बाजारात, रेल्वेत, शेजारी आहे. पण उसनं घेतल्याने रूप खोटं ठरत असेल तर मग काळ आणि अर्थ यांची अख्खी चौकटच आपण कुठून आणली ते आठवावं लागेल.

आणि 'ज' तर मराठीला परका नाहीच. जुन्या मराठीत 'कीजे', 'जाइजे', 'म्हणिजे' अशी रूपं सर्रास होती : केलं जातं, जावं, म्हटलं जातं अशा अर्थांची. त्यातलीच दोन आजही प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात आहेत, 'म्हणजे' आणि 'पाहिजे'. आपल्याला ती आता क्रियापदं वाटतही नाहीत. हिंदीतलं 'कीजिए' त्याच प्राकृत मुळावरचं. पलीकडे गुजरातीत 'करजो' आहे आणि तिथे त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. 'ज'चा हा सगळा गोतावळा डोळ्यांसमोर ठेवून 'करजो'कडे बघा, मग ते भेसळीचं वाटतं का सांगा.

ही जुनी रूपं ज्या गद्यात भेटतात त्या 'लीळाचरित्रा'चं गावही लांब नाही. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या रिद्धपूरला. ते अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात येतं. विद्वानांनी संस्कृतात लिहायचं असतं त्या काळात महानुभावांनी बाया-माणसांना कळेल अशा भाषेचा आग्रह धरला. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा 'लीळाचरित्र' सगळ्यांच्या भाषणांत होतं. मराठी किती जुनी हे सांगताना वऱ्हाडचा पुरावा चालतो. ती कशी बोलायची हे सांगताना तोच वऱ्हाड चुकीचा ठरतो. या विद्यापीठाकडून मला एकच छोटी अपेक्षा आहे. मराठी क्रियापदाचा एक तक्ता करा, ज्यात 'जो'ला रकाना असेल. समोर हवं तर लिहा : वऱ्हाडात. स्पॅनिशवाले लिहितात तसं.

नाव शोधायचीही गरज नाही. प्रत्ययावरून नाव द्यायचं, ही रीत दामल्यांच्या परंपरेने आपल्या हातात ठेवलीच आहे. 'त'चं ताख्यात, 'ल'चं लाख्यात, 'व'चं वाख्यात, 'च'चं चाख्यात. मग 'ज'चं जाख्यात. आठच्या यादीत नववं. अर्थ : पुढच्या वेळेसाठी आत्ता सांगून ठेवलेली गोष्ट. मला तर वाटतं त्या परंपरेचं मोठेपण इथेच दिसतं. यादी आठवर थांबली, पण रीत नवव्यालाही पुरते. पाठांतर करणाऱ्याला फक्त यादी मिळते आणि रीत हातून निसटते.

मी माझ्या प्रोग्राममध्ये ते नाव टाकलं. एकवचनाला 'जो', अनेकवचनाला आणि मानाला 'जा', लिंगाने फरक नाही, अपवाद शून्य. सगळ्या फाइलमधला हा सगळ्यात छोटा भाग आहे. कीबोर्ड अजूनही लाल रेघ ओढतो, ते माझ्या हातात नाही. 'शब्दकोशात जोडा' हे बटण आहे, ते मी दाबलं.

त्या रात्री आजीला फोन केला. तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि बाबा सकाळी अमरावतीला जाऊन आणणार होते. नेहमीसारखं सगळं बोलून झालं. ठेवताना मी म्हटलं, "आजी, गोळ्या आल्या का घेजो."

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "हाव. घेतो."